ऐकू येतं ते आपल्याला, त्यांना नाही

(सामुदायिक रेडिओवरून दिलेलं भाषण)

 

बायका टीव्हीवर सासू-सुनेच्याच मालिका बघतात असं म्हणायची पद्धत आहे. आमच्या बचत गटाच्या बैठकीत आम्ही एकदा हात वर करायला सांगितले, तर खुनाच्या तपासाच्या मालिकांना जास्त हात वर आले. एक मावशी म्हणाल्या, "मी काय बघत नाही बाई, मी ऐकते. आत भांडी घासत असते. बाहेर तो आवाज सुरू झाला की कळतं, आता काहीतरी होणार. मग हात पुसून जाते."

मावशींनी चित्र पाहिलेलं नसतं, संवादही धड ऐकलेला नसतो. तरी त्यांना कळतं. त्यांना कोण सांगतं? तेच आज आम्ही बोलणार आहोत. गुप्तहेरांच्या, पोलीस तपासाच्या मालिका आणि चित्रपट यांत मागे जे वाजत राहतं, ते पार्श्वसंगीत. विषय करमणुकीचा वाटेल, पण शेवटी तो आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो. म्हणून पुरतं ऐका.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे, पण कधी लक्षात घेतलेली नसते. पडद्यावरची बाई अंधारात जिना चढते. मागे घुंऽऽ असा आवाज वाढत जातो. आपण इथे पदर तोंडात धरतो आणि म्हणतो, "अगं, वर जाऊ नको!" ती मात्र जाते. का जाते? कारण तो आवाज तिला ऐकूच येत नाही. तो आपल्यासाठी लावलेला असतो. कथेतल्या माणसांना जे माहीत नाही, ते संगीत आपल्या कानात सांगतं.

ही युक्ती टीव्हीवाल्यांनी शोधली असं समजू नका. तिचं एक जुनं रूप आपल्या सांगलीत आहे. १८४३ साली सांगलीत, राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं, विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन होतो आणि सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. त्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा, साथीला वाद्यं असायची आणि पुढे पात्रं हावभाव करायची. राक्षस यायचा तो मात्र गुपचूप नाही. आरडाओरडा, तलवारींचा खणखणाट, वाद्यांचा कडकडाट. लेकरं आईच्या मांडीत शिरायची. पुढे अशा नाटकांना 'अललडुर्र' नाटकं असं नावच पडलं. राक्षस तोंड उघडायच्या आधीच कळायचं, हा वाईट. आज मालिकेत खलनायकाच्या चेहऱ्यावर 'धाडकन' वाजतं, ते याच 'अललडुर्र'चं नातवंड म्हणायला हरकत नाही.

तसंच कुस्तीचं मैदान घ्या. सातारा-सांगलीकडच्या जत्रेत हलगीशिवाय कुस्ती रंगत नाही. पैलवान नुसते हात अजमावत असतात तोवर हलगी सावकाश चालते. पकड बसली, डाव पडणार असं दिसलं की हलगी तापते. मैदानापासून लांब भज्यांच्या गाड्यावर उभ्या असलेल्या बाईलाही कळतं, निकाल जवळ आला. मालिकेत पाठलाग सुरू झाला की ढोल-ड्रम जे करतात ते हेच. फरक एवढाच, की हलगी पैलवानालाही ऐकू येते आणि हलगीवाला कुस्ती बघून वाजवतो. मालिकेतलं संगीत पुढे काय होणार हे आधीच माहीत असलेला माणूस लावतो.

आता ही भीती तयार कशी करतात ते सांगतो. हे तुम्हाला घरी करून बघता येईल. भजनी मंडळात पेटी असतेच. भाता हळू चालवा आणि पांढरी एक दाबून धरा. छान, शांत वाटेल. ती न सोडता तिच्या लगेच शेजारची काळी एक दाबा. दोन्ही सूर एकमेकांना खरवडायला लागतील. अंगावर बारीक काटा येईल, हात आपोआप सुटेल. आता हाच प्रकार अगदी खालच्या सप्तकात करा आणि सुटका न देता धरून ठेवा. रहस्यपटाचं निम्मं सामान तयार झालं!

धरून ठेवलेल्या सुराबद्दल बोलायचं तर मिरजेचं नाव घ्यायलाच हवं. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या तानपुरे घडवले. भोपळा वाळवायचा, कोरायचा, दांडी बसवायची, तारा जुळवायच्या आणि शेवटी जवारी लावायची, म्हणजे तार नुसती टणकन न वाजता गुंजत राहते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आता बघा, तानपुरासुद्धा एकच सूर धरून बसतो, पण आपल्याला भीती वाटत नाही. उलट आधार वाटतो. कारण त्याच्या तारा एकमेकींशी जुळवलेल्या असतात आणि त्या सुरावर कोणीतरी गाणार आहे याची खात्री असते. रहस्यकथेत सूर तसाच धरतात, पण न जुळणाऱ्या सुराला जोडून, आणि त्यावर गाणं काही येत नाही. कान वाट बघत राहतो. त्या वाट बघण्यालाच आपण धास्ती म्हणतो.

तिसरी युक्ती शांततेची. गावात राहणाऱ्या बाईला हे शिकवायला नको. रात्री रातकिडे किरकिरतात, कुठेतरी कुत्रं भुंकतं, तोवर आपण निवांत झोपतो. सगळं एकदम गप्प झालं की डोळा उघडतो. चांगला दिग्दर्शक नेमक्या वेळी सगळं वाजवणं बंद करतो. मग दाराची कडी नुसती हलली तरी आपण दचकतो.

या कलेतलं जगात सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९६० सालचा 'सायको'. त्यात एका बाईचा न्हाणीघरात खून होतो. हिचकॉक यांना त्या प्रसंगाला संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही ते तयार केलं. पूर्ण चित्रपटाला त्यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली आणि त्या प्रसंगात व्हायोलिनला अक्षरशः किंचाळायला लावलं. ते ऐकल्यावर हिचकॉक यांनी आपलं मत बदललं. तीनच वर्षांनी त्याच हिचकॉक यांनी 'द बर्ड्‌स' केला, त्यात नेहमीचं पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. पक्ष्यांच्या फडफडीचे, किलबिलाटाचे आवाज यंत्रावर तयार केले. तिथे सल्लागार म्हणून होते पुन्हा हरमनच. चाल नसली तरी आवाजानं घाबरवता येतं, हे दोघांनी दाखवून दिलं.

आपल्याकडे अडचण वेगळी होती. हिंदी चित्रपटात मध्येच गाणं लागायचं. खुनी कोण याची उत्सुकता ताणली जाते न जाते तोच नायक-नायिका बागेत. पण काही दिग्दर्शकांनी गाणीच काढून टाकली. बी. आर. चोप्रा यांचा १९६० चा 'कानून' आणि यश चोप्रा यांचा १९६९ चा 'इत्तेफाक', दोन्हींत गाणं नाही आणि दोन्हींचं पार्श्वसंगीत सलील चौधरींचं. गुलजार यांच्या १९७३ च्या 'अचानक'मध्येही गाणं नाही. त्याचं पार्श्वसंगीत आपल्या वसंत देसाईंनी केलं. बंगालीत सत्यजित राय आपल्या फेलूदा या गुप्तहेराच्या 'सोनार केल्ला'चं, १९७४ सालचं, संगीत स्वतःच करत होते. मराठीत १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा' आठवा. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. त्यातल्या एका गाण्याची भीती अशी टिकली, की चाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये, 'रात्रीस खेळ चाले' हेच नाव घेऊन झी मराठीवर मालिका आली.

मग टीव्ही घरोघरी आला. दूरदर्शनवर रमेश भाटकरांची 'हॅलो इन्स्पेक्टर' लागायची. १९९३ मध्ये बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' आली, तिचं संगीत आनंद शंकर यांचं. धोतर नेसणारा शांत ब्योमकेश, आणि त्याच्यासारखंच शांत चालणारं कथानक. १९९८ मध्ये 'सीआयडी' सुरू झाली आणि वीस वर्षं चालली. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न माहीत नाही असं घर सापडणार नाही. तिची सुरावट लागली की अंगणात खेळणारी पोरं आत पळायची.

रोजच्या मालिकांचं गणित मात्र निराळं असतं. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे, तर प्रत्येक प्रसंगाला नवं संगीत करायला वेळ कुठला? म्हणून तुकडे आधीच करून ठेवलेले असतात. एक दुःखाचा, एक संशयाचा, एक खलनायिकेच्या येण्याचा, एक धक्क्याचा. संकलनाला बसलेला माणूस ते जागोजाग लावतो. म्हणून तर खून झाला तरी तेच 'धाड धाड धाड' आणि सुनेनं दुधात मीठ टाकलं तरी तेच. तीन वेळा चेहरा दाखवायचा, तीन वेळा वाजवायचं. आपल्या कानालाही त्याची सवय होते.

आता मुद्द्याकडे येतो. हे संगीत आपल्याला नुसतं घाबरवत नाही. कोणावर संशय घ्यायचा हेही ते सांगतं.

आम्ही सात-आठ जणी एका दुपारी जमलो आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून एका तपासाच्या मालिकेची दहा मिनिटं बघितली. एक माणूस पडवीतून चालत येतो, बंद दाराच्या कुलपाकडे बघतो, मागे वळून पाहतो, निघून जातो. आम्ही एकमेकींना विचारलं, काय वाटतं? एक म्हणाली, "किल्ली विसरला असेल." दुसरी म्हणाली, "घरात कोणी नाही बघून परत गेला." तिसरी म्हणाली, "बिचारा उधारी मागायला आला असणार!" सगळ्या हसलो. मग तोच प्रसंग आवाज लावून बघितला. खालचा सूर, मग एक टोला. सगळ्या एकदम म्हणाल्या, "हाच तो!" माणूस तोच, चालणं तेच, कुलूप तेच. पुरावा कणभर वाढला नव्हता.

अभ्यासकांनीही हे तपासून पाहिलं आहे. १९८८ मध्ये सँड्रा मार्शल आणि ॲनाबेल कोहेन यांनी लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. तिच्यात माणसंच नव्हती. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक गोल, एवढेच इकडून तिकडे हलत होते. फीत तीच ठेवून त्यांनी मागचं संगीत बदललं, तर बघणाऱ्यांची त्या आकृत्यांबद्दलची मतं बदलली. मैत्रिणींनो, त्रिकोणाला ना डोळे ना तोंड. त्याचाही स्वभाव जर संगीत ठरवत असेल, तर माणसाचं काय?

याच ठिकाणी आम्हाला आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट बोलायची आहे. ऑगस्ट २०२० मध्ये झी मराठीवर 'देवमाणूस' सुरू झाली. कोरोनाचे दिवस होते, सगळे घरात होते, घरोघरी ती बघितली गेली. गावात येऊन राहिलेला, सगळ्यांचा लाडका झालेला एक डॉक्टर. किरण गायकवाड यांनी ते काम असं केलं, की लोक त्यांना बघून खरंच बिचकायचे. ही मालिका आपल्या वाई-धोम भागातल्या प्रकरणावरून सुचल्याचं तेव्हाच सगळीकडे बोललं गेलं.

ते प्रकरण उघडकीला आलं ऑगस्ट २०१६ मध्ये. एक बाई बेपत्ता झाल्याच्या तक्रारीवरून पोलिसांचा तपास सुरू झाला आणि डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसाला अटक झाली. पोलिसांनी ठेवलेल्या आरोपानुसार २००३ ते २०१६ या काळात सहा जणांचा जीव गेला, त्यांत पाच बायका. या बायकांची नावं आम्ही इथे घेत नाही. त्यांची लेकरं, भावंडं आपल्याच भागात राहतात.

मालिका चालू असताना आणि नंतरही एक वाक्य आम्ही बसस्टॉपवर, पाण्याच्या नळावर, लग्नाच्या मांडवात कितीदा तरी ऐकलं. "त्या बायकांना कळलं कसं नाही?" कोणी म्हणतं, "आपल्याला तर पहिल्याच भागात कळलं असतं." कोणी त्याहून पुढे जातं, "त्याच गेल्या कशाला त्याच्या मागं?"

मैत्रिणींनो, आपल्याला पहिल्याच भागात कळलं, कारण आपल्याला सांगितलं होतं. 'देवमाणूस' बघणाऱ्याला सुरुवातीपासूनच माहीत असतं, की हा डॉक्टर काही खरा नाही. माहीत नसतं ते गावाला. कॅमेरा आपल्याला त्याचा बदललेला चेहरा दाखवतो आणि संगीत कानात सांगतं, सावध. प्रेक्षकाला माहीत आणि पात्राला नाही, यातच त्या गोष्टीची सगळी गंमत. पण खऱ्या धोमच्या रस्त्यावर काही वाजत नव्हतं. तेरा वर्षं काही वाजलं नाही. डॉक्टर म्हणून माणूस आला की आपण सगळेच काय करतो? पाट देतो, पाणी देतो, दुखणं सांगतो, हात पुढे करतो. त्या बायकांनी तेच केलं. ज्यांना संगीत ऐकू येत नव्हतं, त्यांना ऐकू आलं नाही म्हणून बोल लावणं हा अन्याय आहे. दोष त्या जीव गेलेल्या बायकांचा नाही. "त्यांना कळलं कसं नाही" हे वाक्य कोणी पुन्हा म्हणालं, तर एवढंच उत्तर द्या: "कारण तिथे मागे काही वाजत नव्हतं."

याची दुसरी बाजूही आहे. खऱ्या धोक्याच्या वेळी वाजत नाही, आणि मालिकेत मात्र भलत्यांवरच वाजतं. आठवून बघा, खालचा सूर कोणाच्या येण्यावर लागतो? मोठं कुंकू आणि काजळ लावणाऱ्या नणंदेवर. मोकळ्या केसांनी हसणाऱ्या बाईवर. रात्री फोनवर बोलणाऱ्या सुनेवर. एकटी राहणाऱ्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या शेजारणीवर. रोज रात्री तासभर कानाला हे शिकवलं गेलं, तर सकाळी गल्लीतून एखादी एकटी बाई जाताना आपल्याच डोक्यात तो सूर वाजायला लागतो. नवऱ्यानं टाकलेली, विधवा, उशिरापर्यंत काम करून परतणारी. तिनं काही केलेलं नसतं, तरी मन म्हणतं, "काहीतरी आहे." गावात म्हैस आटली, पोर आजारी पडलं, की "करणी केली" म्हणून बोट कोणाकडे जातं? बहुतेक वेळा अशाच बाईकडे. ही सवय टीव्हीच्या आधीपासूनची आहे, हे खरं. पण टीव्ही तिला रोज खतपाणी घालतो.

हा विषय साताऱ्यात निघाला की डॉ. नरेंद्र दाभोलकर आठवतातच. ते साताऱ्याचे. १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात गावोगाव फिरून त्यांनी मांडलेली गोष्ट साधी होती: एखादी गोष्ट खरी मानायची, तर आधी पुरावा बघायचा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणी, भानामतीच्या नावाखाली एखाद्या बाईला छळणं हा आता गुन्हा आहे.

आणि त्यांच्या हत्येचा निकाल कधी लागला? १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची मुक्तता केली. मध्ये जवळजवळ पावणेअकरा वर्षं गेली. मालिकेत पाऊण तासात खुनी सापडतो आणि एसीपी दार तोडायला सांगतात. खऱ्या तपासात पंचनामे, तारखा, उलटतपासण्या आणि घरच्यांचं कोर्टात बसून राहणं असतं. तिथं कोणाचा चेहरा दिसल्यावर टोला वाजत नाही. न्यायाधीश चेहऱ्यावरून निकाल देत नाहीत, समोर आलेल्या पुराव्यावरून देतात. आपणही गल्लीतल्या न्यायनिवाड्यात तेवढं पाळलं तर कितीतरी बायकांचं जगणं सोपं होईल.

मग काय, मालिका बघायच्या सोडायच्या? आम्ही तसं म्हणणार नाही. दिवसभर राबून आलेल्या बाईनं तासभर खुनी शोधला तर बिघडलं कुठे? आम्हीही बघतो. फक्त बघताना कान शहाणा ठेवायचा. त्यासाठी काही गोष्टी सांगतो.

एक. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं आवाज बंद करून बघा. पोरांना जवळ घ्या आणि विचारा, "हा माणूस चांगला की वाईट? कशावरून?" मग आवाज लावा. पोरांना हा खेळ फार आवडतो आणि एकदा युक्ती कळली की त्यांची भीतीही निम्मी होते. रात्री दचकून उठणाऱ्या लेकराला "घाबरू नको" म्हणून उपयोग होत नाही. पेटीवर पांढरी आणि काळी पट्टी एकदम दाबून दाखवा. भीती कशी बनवतात हे त्याला कळू द्या.

दोन. कोणाबद्दल "मला तिचं लक्षण ठीक दिसत नाही" असं कोणी म्हणालं, की विचारा, "तू स्वतः काय पाहिलंस?" पाहिलेलं काही नसेल, तर तिथं थांबायचं. पुढच्या घरी न्यायचं नाही.

तीन. खरा धोका वाजत येत नाही, म्हणून आपणच साध्या सवयी लावून घ्यायच्या. नव्या डॉक्टरकडे जाताना त्याचा नोंदणी क्रमांक विचारा. खरा डॉक्टर रागावत नाही. घरी येऊन इंजेक्शन देणार असेल तर कशाचं इंजेक्शन ते विचारा, बाटली बघा, चिठ्ठी लिहून घ्या. पैशाच्या, दागिन्यांच्या, कामाच्या निमित्तानं कुठं जायचं असेल, तर कोणाकडे आणि कधी परतणार हे एका तरी मैत्रिणीला सांगून जा. हे संशयाचं नाही, शिस्तीचं आहे. सगळ्यांशीच तसं वागलं की कोणाचा अपमान होत नाही.

चार. कोणी बेपत्ता झालं तर "येईल संध्याकाळपर्यंत" म्हणत बसू नका. नोंद करायला चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे. लगेच पोलीस ठाण्यात जा, तक्रारीची प्रत मागा. तातडीला ११२ आणि महिलांच्या मदतीसाठी १८१ हे क्रमांक पाठ करून ठेवा. आणि कृपा करून "पळून गेली असेल कोणाबरोबर" हे वाक्य तोंडातून काढू नका. धोमचं प्रकरण उघडकीला आलं ते एका बेपत्ता बाईची तक्रार झाली आणि तिचा तपास झाला म्हणून.

पुढच्या भागात आपण बोलणार आहोत बँकेच्या नावानं येणाऱ्या खोट्या फोनबद्दल. तिथंही मागे काही वाजत नाही, उलट समोरचा फार गोड बोलतो. त्या वेळी वही-पेन घेऊन बसा. आवाज बंद करून मालिका बघितल्यावर तुमच्या घरात कोणी काय काय तर्क केले, तेही आम्हाला नक्की कळवा.

तोवर ऐकत राहा, आणि ऐकलेलं तपासून घेत राहा. नमस्कार.